साततोटी म्हणजे सात तोट्या: कात्रजच्या नळाचा माग

वाशीत आपण नळ सोडतो तेव्हा पाणी येतं थेट खालापूरजवळच्या मोरबे धरणातून. लांब पाणी अडवायचं आणि शहरात आणायचं, ही आयडिया पुण्यात पावणेतीनशे वर्षं जुनी आहे.

नानासाहेब पेशव्यांनी 1749 च्या सुमारास कात्रजला हे काम सुरू केलं. तिथे दोन तलाव, एकाखाली एक. वरच्यात गाळ बसायचा, खालच्यातून त्यामानाने स्वच्छ पाणी पुढे जायचं. तिथून दगड-चुन्याचा बंदिस्त नळ जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत. पंप नाही, वीज नाही. कात्रज उंचावर, शहर खाली, बाकी सगळं काम उताराचं.

वाटेत ठिकठिकाणी जमिनीवर डोकं काढलेले दगडी 'उच्छ्वास'. त्यातून कोंडलेली हवा बाहेर पडायची आणि माणूस आत उतरून गाळही काढू शकायचा. म्हणजे मेंटेनन्सची सोय पहिल्या दिवसापासून डिझाइनमध्येच!

पाणी पेठांमधल्या हौदांत पडायचं आणि लोक तिथून भरून न्यायचे. पुढे 1879 मध्ये खडकवासल्याचं धरण पूर्ण झालं, हळूहळू पाइपचं पाणी घरात आलं आणि हौद मागे पडले.

मग आज हा गाडलेला नळ शोधायचा कसा? एक, उरलेले उच्छ्वास बघायचे. दोन, जमिनीचा उतार तपासायचा, कारण पाणी चढ चढत नाही. आणि तीन, पत्ते वाचायचे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, साततोटी. साततोटी म्हणजे सात तोट्या! रोज रिक्षावाल्याला सांगतो ते नाव म्हणजे जुन्या नेटवर्कचा एक पॉइंट असतो.

हे फक्त नॉस्टॅल्जिया म्हणून नाही हं. 2019 मध्ये स्वारगेटला मेट्रोचं खोदकाम चालू असताना जमिनीखाली जुना बोगदा लागला. तो नेमका कुठल्या काळातला, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. नकाशा आधी हातात असेल तर ही चर्चा जेसीबी लावायच्या आधी होते. नसेल तर आधी फावडं, मग इतिहास.

आपल्या नवी मुंबईत ही अडचण जास्त आहे. 'सेक्टर 17' या पत्त्यातून तिथे आधी विहीर होती की तळं, काहीच कळत नाही. ती नावं गावठाणातल्या आजी-आजोबांनाच माहीत आहेत. तुमच्या घरात कुणाला आठवत असतील तर आज विचारा, फोनवर रेकॉर्ड करा आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!