मुलुंडचा रविवार : संसार मोडण्याआधीचे 12 तास

घर एकच मांडलं आहे, पण सल्ले अनेक घरांतले आहेत. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, कुठेही राहत असाल तरी यातले निम्मे तुमच्या कानावर आले असतील.

सकाळी 7.40. मुलुंड पूर्व, वन बीएचके. तो अंधेरीच्या सीप्झमधून रात्रपाळी करून, मेट्रोने घाटकोपर आणि पुढे धिमी लोकल असा घरी पोचला आहे. शुक्रवारी त्याच्या सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. पाळीहून येऊन हा झोपला तो उठलाच नाही, बायको एकटी गेली. तेव्हापासून अबोला. आज त्याने चहा टाकला आणि म्हणाला, "चुकलं माझं. पुढच्या तपासणीला बाबांना मी नेतो." ती म्हणाली, "गजर मी लावते." भांडण इथे मिटलं.

8.15. शनिवारी रात्री तिने बहिणीला लिहिलं होतं, "कंटाळा आला मला." बहिणीने ते आईला सांगितलं, आईने बोरिवलीच्या मावशीला. मावशीचा फोन : "चार दिवस स्वयंपाक बंद ठेव, बघ कसा सरळ येतो." या घरात रविवारचा स्वयंपाक तोच करतो.

9.30. त्याच्या काकांचा फोन. "एकदा नमलास की जन्मभर नमावं लागेल. चूक कबूल करायची नाही." कबूल करून दोन तास होत आले होते. सकाळी मनापासून निघालेले शब्द त्याला आता हार वाटू लागले. माझ्या मते दिवसभरातलं सर्वांत मोठं नुकसान इथे झालं, आणि ते कुणाला दिसलंही नाही.

11.05. माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक सुरू. तरी नातेवाईक आले.

दुपारी 1. हॉलमध्ये सात माणसं. "एकनाड आहे, मी तेव्हाच म्हटलं होतं." "शेगडी आग्नेयेला हवी." ओटा बिल्डरने बांधला तिथेच राहणार, हे कुणी लक्षात घेत नाही. मग आत्या म्हणाल्या, "एक मूल होऊ दे, सगळं मार्गी लागतं." हे ऐकलं की मला राग येतो. तो रात्री नऊला घर सोडतो, ती सकाळी आठच्या लोकलला पळते. ज्यांना एकमेकांशी धड बोलायला वेळ नाही, त्यांच्या घरी बाळासाठी रात्री उठायचं कुणी? आणि आईबापांचं भांडण मिटवण्याचं काम त्या जिवावर का टाकायचं?

4.15. काका हजर. "उद्या अर्ज टाका, सहा महिन्यांत मोकळे." असं होत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब खाली परस्पर संमतीने घटस्फोट मागायचा तर अर्जाआधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. सहा महिने त्यानंतरचे, आणि ते न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं. शिवाय 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याप्रमाणे शक्य तिथे आधी समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचंच कर्तव्य आहे. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात त्यासाठी विवाह समुपदेशक असतात. त्यांचं पहिलं काम ऐकून घेण्याचं.

बहीण म्हणाली, "सरळ छळाची केस कर, घाबरेल." तो कायदा जिचा खरोखर छळ होतो तिच्यासाठी आहे. तशा बाईला "जुळवून घे" सांगणारे तिचा जीव धोक्यात घालतात. तिला 181 हा नंबर द्यावा. झोपून राहिलेल्या नवऱ्यासाठी तो कायदा नाही.

6.00. चहाची तिसरी फेरी. बाबांचा डोळा कसा आहे, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.

7.10. ती त्याला म्हणाली, "सकाळी चहा केलास तो मनापासून, की मला गप्प करायला?" हा प्रश्न मावशीने पेरलेला. त्याने काकांचं उत्तर दिलं : "मी काही चुकलो नाही." तिने बॅग भरली.

7.40. दार लागलं. घाटकोपरला माहेरी ती एकटीच निघाली.

रात्री 9.30. मावशीचा तिला मेसेज : निदान पंधरा दिवस फोन उचलू नकोस. काकांचा त्याला : पहिला फोन तू करायचा नाही. दिवसभरात मिळालेल्या सल्ल्यांपैकी हे दोनच त्या दोघांनी तंतोतंत पाळले.