नालछ्याची सैल गाठ

पाऊस लागला की निम्मं इंदूर मांडूला जाऊन येतं. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. सकाळी पोहे-जलेबी खाऊन निघायचं आणि दुपारी जहाज महालाच्या गच्चीवर उभं राहून ढग बघायचे. आम्हीही दोन दिवसांसाठी गेलो. आम्ही दोघं, मुलगी, सासूबाई आणि भुऱ्या.

भुऱ्या म्हणजे आमचा कुत्रा. गावठीच. लॉकडाउनमध्ये एक दिवस जिन्याखाली येऊन बसला, तो बसलाच. सासूबाईंनी तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं, "बाहेर भाकरी घाल, पाणी ठेव, दया कर. पण पाळू नकोस. जैनांच्या घरात हिंसक प्राणी पाळत नाहीत." मला तो सोवळ्याओवळ्याचा भाग वाटला. त्यावर मी जीवंधरस्वामींची गोष्ट काढली. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावलं म्हणून लोकांनी एका कुत्र्याला मरेस्तोवर मारलं, जीवंधरकुमाराने त्याच्या कानात णमोकार म्हटला आणि तो जीव सुदर्शन यक्ष झाला. वादीभसिंहांच्या 'क्षत्रचूडामणी'त ही गोष्ट आहे, आणि पाठशाळेत शिकलेल्या प्रत्येकीला ती येते. सासूबाई म्हणाल्या, "जीवंधराने त्याला मंत्र दिला. घरी आणून बांधलं नाही."

यावर मला उत्तर सुचलं नाही. भुऱ्या राहिला तो घरातल्या बहुमतावर.

धारकडून मांडूला जाताना, मांडूच्या दहाएक किलोमीटर अलीकडे नालछा लागतं. पर्यटक तिथे गाडीची काचसुद्धा खाली करत नाहीत. आम्ही मात्र थांबलो, कारण हेच जुन्या ग्रंथांतलं नलकच्छपूर, पंडित आशाधरांचं गाव. आम्हा कारंजाकडच्या बघेरवालांना आशाधर म्हणजे घरचे. आपल्या प्रशस्तीत त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की आपण व्याघ्रेरवाल, म्हणजे बघेरवाल. वडील सल्लक्षण, आई श्रीरत्नी, पत्नी सरस्वती, मुलगा छाहड. त्या काळचा लेखक आईचं आणि बायकोचं नाव लिहून ठेवतो, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

मूळचे ते मांडलगडचे, म्हणजे मेवाडकडचे. ११९२ मध्ये पृथ्वीराज चौहानाचा पराभव झाला, शहाबुद्दीन घोरीच्या फौजा त्या मुलखात पसरल्या आणि कितीतरी श्रावक कुटुंबं घरदार सोडून माळव्यात आली. त्यात आशाधरांचंही कुटुंब होतं. आजच्या भाषेत निर्वासितच. धार तेव्हा परमारांची राजधानी, विद्वानांनी भरलेली. तिथे पंडित महावीरांकडे त्यांनी व्याकरण आणि न्याय शिकून घेतला. पुढे राजा अर्जुनवर्म्याच्या काळात राजधानीचा डामडौल सोडून ते या लहान गावात येऊन राहिले. का, तर इथे श्रावकांची वस्ती दाट होती आणि त्यांना धर्म शिकवायचा होता. स्वतः गृहस्थ, बायकोमुलांचे, आणि मुनी त्यांच्याकडे शिकायला येत! पुढची तीसेक वर्षं ते इथल्या नेमिनाथ चैत्यालयात बसून लिहीत होते. 'सागारधर्मामृता'वरची त्यांची स्वतःची टीका विक्रम संवत १२९६ ची, म्हणजे इसवी सन १२३९ ची. सागार म्हणजे घर असलेला. साधूंसाठी त्यांनी वेगळा ग्रंथ लिहिला. हा तुमच्याआमच्यासाठी, चूल पेटवणाऱ्यांसाठी.

चहाच्या टपरीवर भुऱ्याला मी विजेच्या खांबाला बांधलं आणि सासूबाईंना विचारलं, "आई, अहिंसाणुव्रताचे अतिचार किती?"

"पाच," त्या म्हणाल्या. "बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध." आणि खांबाकडे बोट दाखवलं. "पहिला तो."

त्या हसत होत्या, पण मला ते लागलं. हे अतिचार आपण तत्त्वार्थसूत्रात लहानपणापासून पाठ करतो आणि बैल, घोडे, गाडीवान डोळ्यांसमोर आणतो. आपल्या हातातल्या दोरीकडे पाहत नाही. आशाधरांनी मात्र पाहिलं होतं. त्यांच्यापुढचे श्रावक गाईगुरं बाळगणारे, व्यापारासाठी बैल हाकणारे. त्यांना नुसतं 'बांधू नका' म्हणून भागलं नसतं. म्हणून त्यांनी पायऱ्या सांगितल्या. नैष्ठिक श्रावकाने जनावरांवर उपजीविका करणं सोडून द्यावं, हे उत्तम. ते होत नसेल तर जनावरं ठेवावीत पण बांधू नयेत. तेही जमत नसेल तर बांधावं, पण निर्दयपणे नाही. श्रावकाचारांच्या टीकांमध्ये तर गाठ कशी हवी इथपर्यंत विचार आहे: आग लागली तर चटकन सोडता येईल किंवा तोडता येईल अशी सैल. मला हे वाचताना एखादी जाणती आजी बोलतेय असं वाटतं.

आणि सासूबाईंचं ते 'हिंसक प्राणी पाळू नये'? तेही त्यांच्या मनातलं नव्हतं, हे मला उशिरा कळलं. कार्तिकेयानुप्रेक्षेत मांजर वगैरे प्राणी पाळणं अनर्थदंडात घातलंय, म्हणजे कारण नसताना ओढवून घेतलेलं पाप. श्वेतांबर परंपरेत हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात तर पोपट, मैना, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर अशी यादीच आहे. मी सोवळं समजत होते, ती सातआठशे वर्षांहून जुनी शिकवण निघाली. कुत्रा अपवित्र असं त्यात म्हटलेलं नाही. समंतभद्रांनी रत्नकरंडकात धर्मामुळे कुत्राही देव होतो आणि अधर्मामुळे देवही कुत्रा होतो, असं सांगून ठेवलंच आहे. पाळू नका, कारण तुम्ही पोसलेला जीव दुसरा जीव घेईल. असा हा साधा हिशोब.

मांडूत कुत्र्याबरोबर हिंडायचं म्हणजे बाहेरून हिंडायचं. संरक्षित स्मारकात प्राणी नेता येत नाहीत. मग आम्ही पाळी लावली. दोघं आत, दोघं बाहेर. जामी मशीद, होशंगशाहची कबर, जहाज महाल, सगळं अर्ध्या-अर्ध्या कुटुंबाने पाहिलं. खरं सांगू, बाहेरचं मांडूच मला जास्त मिळालं. बुंध्याने हत्तीएवढी झालेली खुरासानी चिंच, भर पावसात काठोकाठ आलेला सागर तलाव, वाटेवर मक्याची कणसं भाजणाऱ्या बायका.

जैनांचं मांडूही असंच बाहेरचं. परमारांचा मंत्री पेथडशाहने इथे मंदिरं बांधली, दानधर्म केला, असं ग्रंथ सांगतात. पण तिकीट काढून बघण्यासारखं त्यातलं काही नाही. सुलतानांच्या काळातही जैन सावकार आणि अधिकारी इथे होते. १४३९ साली, महमूद खलजीच्या राज्यात, मांडूत कल्पसूत्राची एक सुंदर सचित्र पोथी तयार झाली. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. संग्राम सोनीची आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. भगवतीसूत्र ऐकताना प्रत्येक 'गोयमा' शब्दाला त्याने एक मोहर वाहिली, आईने त्याच्या निम्म्या, पत्नीने तिच्या निम्म्या. आणि त्या सोन्याची शाई करून पोथ्या लिहवल्या. गाईड मात्र रूपमती-बाजबहादूर सांगतो आणि नूरजहानने १६१७ मध्ये सहा गोळ्यांत चार वाघ कसे मारले ते रंगवून सांगतो. जहांगीराने आपल्या आठवणींत ते कौतुकाने लिहिलंय. आम्ही चौघं ऐकत होतो, सासूबाई हळूच पुढे निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी रेवाकुंडाकडून रूपमतीच्या मंडपाची चढण चालत निघालो. पहाटेची वेळ, चिटपाखरू नाही. भुऱ्या दोरीला हिसके देत होता, गळ्याला पट्टा काचत होता. नालछ्याचं माझ्या डोक्यात होतंच. म्हटलं, आता तरी सोडू या. सोडला. तो असा धावला, कान मागे, शेपटी उंच, की मुलगी टाळ्या वाजवायला लागली. दगडांमागे दिसेनासा झाला आणि पाच मिनिटांनी परत आला. तोंडात खार होती.

मेलेली. त्याने ती माझ्याच पायाशी ठेवली, शेपूट हलवत.

कोणी काही बोललं नाही. मुलगी रडायला लागली. मी भुऱ्यावर हात उगारला आणि मध्येच थांबले. वध, दुसरा अतिचार. सासूबाई वाटेच्या कडेला ओल्या दगडावर बसल्या. आता त्या 'मी सांगितलं होतं' म्हणतील, याची मी वाट पाहत होते. त्यांनी डोळे मिटून नऊ वेळा णमोकार म्हटला. मग यांना म्हणाल्या, "तिला त्या झुडपाखाली ठेव. पाय पडणार नाही अशी."

बांधावं तर ह्याला जाच, सोडावं तर खारीचा जीव जातो. चढण चढताना मी तेच घोळवत होते. आशाधरांच्या पायऱ्यांतली पहिली मला आता शक्य नव्हती. आलेल्या जीवाला परत रस्त्यावर काढणं हा कुठला धर्म? दुसरी त्या खारीने मिटवली. उरली तिसरी. वर मंडपात पोचलो तेव्हा धुकं होतं, नर्मदा काही दिसली नाही.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी जेवून घेतलं. भुऱ्याला दहीभात. लॉजच्या मागच्या ओसरीत मी त्याला खांबाला बांधलं आणि आत आले. थोड्या वेळाने सासूबाई उठल्या. बॅटरी घेऊन मागे गेल्या. मी खिडकीतून पाहिलं. त्या वाकल्या, पट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहिली. मग खांबाजवळची गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला लागल्या. एका ओढीत सुटेल अशी, गोठ्यात वासराला बांधतात तशी.

"घट्ट बांधली होतीस गं," आत येऊन म्हणाल्या, आणि सामायिकाला बसल्या.