आरव्हीतील बॅटरी व छोटा फ्रिज : कालावधीचा अंदाज

अमेरिका व कॅनडात आरव्ही म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राहत्या गाड्यांत, म्हणजे मोटारहोम आणि गाडीमागे ओढायच्या ट्रेलरांत, बाहेरची वीज नसताना फ्रिज किती वेळ चालेल हे ठरवण्याचे गणित. बॅटरीतून वापरता येण्याजोगे अँपिअर-तास भागिले रोजचा खर्च, एवढेच ते सूत्र. भागाकार शाळकरी मुलालाही जमेल. चुकतात त्या त्यात घातलेल्या दोन्ही संख्या.

आधी फ्रिज कोणत्या जातीचा आहे ते पाहावे लागते. आरव्हीत पूर्वापार असतो तो शोषण पद्धतीचा फ्रिज. अमोनिया, पाणी व हायड्रोजन यांवर चालणारा आणि एकही हलता भाग नसलेला हा प्रकार बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये शोधला. त्याला लागते ती उष्णता. ती गॅसच्या ज्योतीने दिली, तर बॅटरीवर फक्त नियंत्रणाच्या सर्किटचा किरकोळ भार पडतो आणि प्रश्नच मिटतो. हाच फ्रिज १२ व्होल्टवर टाकला की आतली तापतार सहज १५० वॉट, म्हणजे सुमारे साडेबारा अँपिअर खेचते. ही सोय इंजिन चालू असताना वापरण्यासाठी आहे, मुक्कामी बॅटरीवर चालवण्यासाठी नव्हे.

दुसरा प्रकार १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसरचा. डॅनफॉसने बनवलेला आणि आता सेकॉप या नावाने विकला जाणारा बीडी३५ हा यातला प्रसिद्ध कॉम्प्रेसर. चालू असताना तो साधारण ३ ते ५ अँपिअर घेतो, पण सतत चालत नाही. तासातली किती मिनिटे चालतो, यावर सगळा हिशेब उभा आहे. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात हिवाळा काढणाऱ्यांना जे प्रमाण मिळते, ते तिथल्याच जुलैत मिळणार नाही. उन्हात तापलेली बाजू, मागची कोंडलेली जाळी, दुपारी आत ठेवलेले कोमट पाण्याचे कॅन आणि दर दहा मिनिटांनी दार उघडणारी मुले यांनी ३० टक्क्यांचे ६० टक्के होतात. म्हणून माहितीपत्रकातला अँपिअरचा आकडा एकटा फारसा उपयोगाचा नाही.

मध्यम हवामानात ४ अँपिअरचा कॉम्प्रेसर ४० टक्के वेळ चालला, तर २४ तासांत ३८ अँपिअर-तास जातात. शिवाय गॅसगळती सांगणारा डिटेक्टर, रेडिओ आणि इतर सर्किटे मिळून अर्धा अँपिअर सतत पीत असतील, तर आणखी १२. एकूण ५० धरावेत. अंदाज चुकतात ते बहुधा या दुसऱ्या आकड्यामुळे, कारण तो कोणी मोजतच नाही. थंडीत हीटरचा पंखा लागला की तोही यात मिळवायचा.

आता बॅटरीची बाजू. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याखाली नेली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते; तेव्हा १०० अँपिअर-तासांतले ५० आपले. वरच्या हिशेबाने एक दिवस. गोल्फ कार्टच्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडल्या, तर सुमारे २२० अँपिअर-तास मिळतात; त्यांतले निम्मे वापरले, तर दोन दिवसांहून थोडे जास्त. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या १०० अँपिअर-तासांतले ८० ते ९० निर्धास्त वापरता येतात. पावणेदोन दिवस निघतात. मात्र शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करू नये.

शिसे-आम्ल बॅटरीवर छापलेली क्षमता बहुधा २० तासांत रिकामी करण्याच्या वेगाची असते; आपल्याकडच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ‘सी२०’ लिहिलेले असते ते हेच. भार वाढवला की क्षमता घटते, हा विल्हेल्म पॉयकर्ट यांनी १८९७ मध्ये मांडलेला नियम. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर वरचा साडेबारा अँपिअरचा शोषण-फ्रिज लावला, तर साध्या भागाकाराने निम्मी क्षमता ४ तास पुरायला हवी. पॉयकर्ट घातांक १.२ धरला तर जेमतेम ३ तास २० मिनिटे. कॉम्प्रेसरच्या मंद भाराला हा नियम विशेष जाचत नाही.

घरगुती छोटा फ्रिज इन्व्हर्टरवर चालवणारेही बरेच आहेत. अमेरिकेत अशा फ्रिजवर वर्षाच्या विजेचा पिवळा पट्टा असतो. त्यावर ३०० युनिट असतील, तर दिवसाला सुमारे ८२० वॉट-तास. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर १२ व्होल्टला ८० अँपिअर-तास होतात. कॉम्प्रेसर थांबला तरी इन्व्हर्टर जागाच असतो; त्याचे १५-२० वेगळे. सोय मोठी, पण बॅटरी दुप्पट लागते.

कागदावरच्या कोणत्याही अंदाजापेक्षा एका दिवसरात्रीचे मोजमाप खरे. ऋण तारेवर शंट, म्हणजे प्रवाह मोजणारा रोध, बसवला, की गेलेले अँपिअर-तास थेट दिसतात. नुसत्या व्होल्टवर भिस्त ठेवणाऱ्यांनी भार काढून, बॅटरी काही तास विसावू देऊन मगच मीटर लावावा, १२.७ म्हणजे भरलेली, १२.१ च्या आसपास निम्मी. मध्यरात्री बॅटरीत दम असूनही फ्रिज बंद पडत असेल, तर संशय आधी बारीक तारेवर घ्यावा, कारण फ्रिज स्वतःच्या टोकाशी पोहोचलेला व्होल्टेज पाहतो, बॅटरीच्या टोकाचा नव्हे. बीडी३५ ला मूळ मांडणीत १०.४ व्होल्टला आपोआप तोडले जाते आणि ११.७ ला पुन्हा जोडले जाते. एवढ्या खाली जाईपर्यंत शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याच्या कितीतरी पलीकडे गेलेली असते. त्यामुळे अशी बॅटरी असणाऱ्यांनी त्या कटऑफची वाट न पाहता निम्मी क्षमता संपताच फ्रिज बंद करावा.