बालवाडीचा ताळेबंद

आम्ही व्यापारी दिवाळीस चोपडीपूजन करतो आणि वर्षाचा नफा-तोटा पाहतो. परंतु गरिबाघरच्या मुलांसाठी बालवाडी चालविली, तर तिचा ताळेबंद किती वर्षांनी मांडावा? या प्रश्नाचा चिकाटीने शोध घेणारा एक प्रयोग अमेरिकेत झाला. त्याचा इतिहास उद्बोधक आहे.

मिशिगन राज्यातील इप्सिलांटी या गावी १९६२ साली डेव्हिड वायकार्ट यांनी 'पेरी प्रीस्कूल' हा प्रकल्प आरंभिला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ बालके निवडण्यात आली. त्यांपैकी ५८ जणांना तीन-चार वर्षांच्या वयात बालवाडीत घेतले, ६५ जणांना घेतले नाही. ही विभागणी मुख्यतः नाणेफेकीने झाली. हेतू हा की, घरची परिस्थिती सारखीच असताना पुढे फरक दिसला, तर त्याचे श्रेय बालवाडीस देता यावे. रोज सकाळी अडीच तास वर्ग भरे आणि आठवड्यातून एकदा शिक्षिका मुलाच्या घरी जाऊन आईची भेट घेई.

प्रारंभी या मुलांचा बुद्ध्यांक वाढला. परंतु आठव्या वर्षाच्या सुमारास दोन्ही गट जवळजवळ समान झाले. १९६५ साली सुरू झालेल्या 'हेड स्टार्ट' या सरकारी योजनेविषयीही १९६९ च्या वेस्टिंगहाउस अहवालाने असाच निराशेचा सूर लावला. हिशोब तेथेच थांबता, तर 'पैसा वाया गेला' अशीच नोंद राहिली असती.

पेरीच्या अभ्यासकांनी मात्र वही मिटली नाही. मुले चाळिशीस पोहोचली तेव्हा असे दिसले की, बालवाडीच्या गटातील ७७ टक्के, तर दुसऱ्या गटातील ६० टक्के जणांनी माध्यमिक शिक्षण पूर्ण केले होते. पाच वा अधिक वेळा अटक झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ३६ व ५५ टक्के होते. नोबेल पारितोषिक विजेते अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली या खर्चावरील परतावा दरसाल ७ ते १० टक्के ठरविला.

अर्थात, मुले थोडी, गाव एकच आणि एका शिक्षिकेमागे जेमतेम पाच-सहा मुले. त्यामुळे हे आकडे सर्वत्र जसेच्या तसे लागू करणे योग्य नव्हे.

आपल्या देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाड्या उभ्या राहिल्या. त्यांची असो वा दानावर चालणाऱ्या बालवाडीची, पारख केवळ पटावरील संख्येने होणार नाही. दात्याने दरवर्षी हिशोब अवश्य मागावा. परंतु मुले मोठी होऊन काय करतात, याची नोंद ठेवण्यासाठीही थोडी रक्कम राखून ठेवावी.