वसंतातील पक्षीस्थलांतर : निरोपाच्या नोंदी

होळी सरते, पळस-पांगारे निष्पर्ण फांद्यांवर फुलून येतात आणि एके सकाळी त्या झाडांवर विलक्षण कलकलाट सुरू होतो. अंग गुलाबी, डोके व पंख काळे आणि कपाळ परागाने माखलेले, अशा भोरड्यांचा तो थवा असतो. पळसमैना हे त्यांचे दुसरे नाव. युरोप-अमेरिकेत वसंतातील स्थलांतर हे आगमनाचे पर्व मानले जाते. दक्षिणेत हिवाळा काढलेले पक्षी विणीसाठी तेथे परततात. आपल्याकडे चित्र उलटे आहे. महाराष्ट्रात हा ऋतू पाहुण्यांच्या निरोपाचा, आणि निरोपाचे पक्षीनिरीक्षण एकट्याने साधत नाही.

याचे कारण साधे आहे. पावसाळा ओसरताना ओढ्याकाठी पहिला करडा धोबी शेपूट हलवीत उतरला, की ती तारीख कोणालाही वहीत टिपून ठेवता येते. पण तोच पक्षी शेवटचा केव्हा दिसला? ज्या दिवशी तो दिसतो, त्या दिवशी हे दर्शन शेवटचे आहे याची कल्पना नसते. आठ-दहा दिवस तो दिसला नाही, म्हणजे गेला असावा असे आपण धरून चालतो, तोच पुढच्या गावातील कोणी तरी तो कालच पाहिल्याचे सांगतो! अनेकांच्या वह्या शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय प्रस्थानाची तारीख ठरत नाही.

भोरडीचेच उदाहरण घेऊ. मध्य आशिया व पूर्व युरोपातील गवताळ प्रदेशांत, दगडांच्या फटींतून तिची वीण होते. ती टोळांच्या हंगामाशी जुळलेली असते. वीण आटोपताच हे पक्षी निघतात. त्यामुळे पहिले थवे भारतात जुलै-ऑगस्टमध्येच दाखल होतात आणि बहुतेक थवे एप्रिलमध्ये परत फिरतात. म्हणजे वर्षातील मोठा काळ ती आपल्याकडेच असते. तिला पाहुणी म्हणावे की घरची, हा प्रश्नच आहे. रब्बी ज्वारी हुरड्यात आली की हेच थवे शेतांवर उतरतात, आणि माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणाऱ्या शेतकऱ्याला त्यांचे कौतुक वाटण्याचे कारण नाही. पक्षीमित्रांनी ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये. मात्र भोरड्या कधी आल्या आणि कधी गेल्या, हे त्या शेतकऱ्याइतके नेमके क्वचितच कोणाला ठाऊक असते. निरीक्षकांच्या मंडळाने त्यालाही आपल्यात घ्यावे.

प्रस्थानाची तयारी डोळ्यांना दिसते, हा या ऋतूचा खरा लाभ. दिवस मोठा होऊ लागतो तसे पक्ष्यांच्या शरीरात बदल घडतात. ते अधाशीपणे खाऊन चरबी साठवतात. भोरडीच्या पिसांच्या मळकट कडा झिजून जातात आणि खालची चकाकी उघडी पडते. हिवाळाभर फिकट दिसणारा पिवळा धोबी मार्चअखेर हळदीसारखा उजळतो. त्यांच्या उपजाती डोक्याच्या रंगावरून ओळखण्याची हीच वेळ असते, आणि त्यावर पाणथळीच्या काठी रंगणारे वाद ऐकण्यासारखे असतात.

उजनी जलाशयावर भिगवण-कुंभारगाव परिसरात किंवा गोदावरी-कादवा संगमावरील नांदूर मध्यमेश्वर येथे, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले, फेब्रुवारी-मार्चच्या पहाटे हा आनंद सामूहिक होतो. एका दुर्बिणीभोवती पाच-सहा जण उभे असतात. नावाडी बोटाने दिशा दाखवतो. कोणाला तरी पट्टकादंबाच्या मानेत क्रमांक असलेली पट्टी दिसते आणि सारे जण आळीपाळीने तो क्रमांक वाचू लागतात. मंगोलियात अशा पट्ट्या घातलेले पट्टकादंब भारतात अनेकदा आढळले आहेत. हे हंस हिमालय ओलांडतात. उपग्रहाद्वारे माग काढलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांची कमाल उंची ७,२९० मीटर नोंदली गेली. बहुतांश प्रवास मात्र ते याहून बरेच खालून करतात.

सर्व पाहुणे एकदम जात नाहीत. बदके व हंस आधी निघतात, चिखलपक्षी एप्रिलमध्ये रेंगाळतात. त्यांतील काही अल्पवयीन पक्षी तर विणीचे वय झाले नसल्याने पावसाळाही येथेच काढतात. ठाण्याच्या खाडीतील रोहित पक्ष्यांचे थवे मे महिन्यातही दिसतात. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपर परिसरात विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मृत्युमुखी पडले. कोणत्या दिवसांत, कोणत्या वेळी थवे हलतात हे ठाऊक असणे ही केवळ हौस नाही, हे त्या रात्री दिसून आले.

अशा नोंदी एकत्र आणण्याचा भारतातील उल्लेखनीय प्रयत्न २००७ मध्ये सुरू झाला. बंगळूरहून चालवलेल्या 'मायग्रंटवॉच' उपक्रमाने सामान्य निरीक्षकांकडून पाहुण्या पक्ष्यांच्या पहिल्या व शेवटच्या दर्शनाच्या तारखा मागवल्या. पुढे तो २००२ पासून चालू असलेल्या 'ई-बर्ड'च्या प्रवाहात मिळाला. तेथे दिसलेल्या सर्व जातींची संपूर्ण यादी देण्यावर भर असतो. अशा यादीत एखाद्या पक्ष्याचे नाव नसणे हीसुद्धा माहितीच ठरते. तो गेला, हे शेवटी या गैरहजेरीवरूनच कळते. म्हणून 'आज काहीच विशेष दिसले नाही' असे म्हणून वही बंद करू नये. कावळे-साळुंक्यांची यादीही द्यावी. जागतिक स्थलांतरी पक्षी दिन २००६ पासून पाळला जातो आणि २०१८ पासून तो मे व ऑक्टोबर अशा दोन्ही महिन्यांच्या दुसऱ्या शनिवारी असतो. आपल्या दृष्टीने मे महिन्यातील दिवस अधिक उपयोगी, कारण तेव्हा बहुतेकांनी दुर्बिणी कपाटात ठेवलेल्या असतात.

वास्तविक त्याच सुमारास नवे प्रवासी येऊ लागतात. दक्षिण भारत व श्रीलंकेत हिवाळा घालवलेला नवरंग पावसाच्या तोंडावर कोकणात पोहोचतो; त्याची दोन सुरांची शीळ पहाटे व सायंकाळी राईतून घुमते. मुंबई-ठाण्यात थकलेला नवरंग एखाद्या गॅलरीत येऊन पडल्याचे प्रसंग घडतात. अशा वेळी त्याला भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात व शांत जागी ठेवावे, चोचीत बळेच पाणी घालू नये आणि वन विभागाला अथवा पक्षीमित्र संस्थेला कळवावे. तारीख मात्र टिपून ठेवावी. त्यानंतर थोड्याच दिवसांत आफ्रिकेकडून येणाऱ्या चातकाची हाक ऐकू येते, आणि ती प्रथम कोणी ऐकली यावरून निरीक्षकांत पुन्हा चढाओढ सुरू होते.