‘भाऊ, लाइट चालू आहे!’ दुचाकीचा दिवा दिवसा बंद का होत नाही?

नागपुरात भर दुपारी वर्धा रोडवरून जाताना समोरून येणारे एखादे काका हाताची बोटं उघडझाप करून खुणावतात. सिग्नलवर शेजारचा सांगतो, “भाऊ, लाइट चालू आहे!” सांगणाऱ्याचं मन चांगलं असतं, पण तुमची गाडी 2017 नंतरची असेल तर दिवा बंद करायचं बटणच तिला नसतं.

1 एप्रिल 2017 पासून भारतात नव्या दुचाकींना ‘ऑटोमॅटिक हेडलॅम्प ऑन’ म्हणजे एएचओ सक्तीचं झालं. इंजिन सुरू झालं की दिवा लागतो, इंजिन बंद केलं की विझतो. तुमच्या हातात उरतं ते फक्त अप्पर-डिप्पर. हा नियम केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा, आणि तेव्हा मंत्री होते नागपूरचेच खासदार नितीन गडकरी.

पण मे महिन्यात, 45 अंशांच्या उन्हात दिवा कशाला?

शंका रास्त आहे, कारण ही पद्धत मुळात अंधाऱ्या देशांतली. स्वीडनमध्ये हिवाळ्यात सूर्य जेमतेम वर येतो. तिथे 1977 पासून सगळ्याच वाहनांना दिवसा दिवे सक्तीचे आहेत. कॅनडाने डिसेंबर 1989 पासून नव्या गाड्यांना ते बंधनकारक केले. युरोपीय संघात फेब्रुवारी 2011 पासून बाजारात येणाऱ्या नव्या कार मॉडेल्सना ‘डे-टाइम रनिंग लाइट’ लागतात. अमेरिकेत मात्र कारला अशी देशव्यापी सक्ती नाही.

आपल्यासाठी जवळचं उदाहरण मलेशियाचं. तिथेही कडक ऊन, डाव्या बाजूने वाहतूक आणि रस्त्यावर दुचाकींची गर्दी. मलेशियाने 1992 मध्ये दुचाकीस्वारांना दिवसा दिवा सक्तीचा केला. त्यानंतरच्या अभ्यासात, दुचाकी न दिसल्यामुळे होणारे अपघात सुमारे 29 टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. म्हणजे हा दिवा तुम्हाला रस्ता दिसावा म्हणून नाहीच. वळण घेणाऱ्या ट्रकवाल्याला तुम्ही दिसावं म्हणून आहे. 2022 मध्ये भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 जणांचा जीव गेला. त्यातले सुमारे 44 टक्के दुचाकीवरचे होते.

काही जण बाहेरून स्विच बसवून दिवा बंद ठेवतात. तसं केल्याने एएचओचा उपयोगच संपतो. जुन्या गाड्यांना मात्र ही सक्ती नाही.

खरा वैताग रात्रीचा. दिवसा डिप्परवर चालणारा दिवा अंधार पडला की अनेकांच्या गाडीत अप्परवर जातो आणि तिथेच राहतो. समोरच्याचे डोळे दिपतील असा झोत केंद्रीय मोटार वाहन नियमांनाही मान्य नाही. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या कारच्या डिप्परचा झोत डावीकडे लांब आणि समोरून येणाऱ्याच्या बाजूला आखूड असतो. जर्मनीत हेच उलट. ब्रिटनची कार फ्रान्सला नेताना झोत वळवण्यासाठी दिव्यावर स्टिकर लावतात, ते याचसाठी.

तर पुढच्या वेळी कुणी बोटं उघडझाप केली तर आधी बघा: दुपार असेल तर हसून पुढे जा, रात्र असेल तर डिप्पर द्या.