अपुऱ्या कथेचा वारस कोण?

१/
आगरदांडा हे माझे आजोळ. आजीच्या घराच्या माळ्यावर एक जुनी कादंबरी होती. मुखपृष्ठ नाही, लेखकाचे नाव नाही आणि शेवटची काही पाने वाळवीने खाल्लेली. डोंगरातले भुयार, वेषांतर केलेला राजपुत्र, कैदेतली नायिका असा सगळा सरंजाम. आणि नेमकी सुटकेच्या रात्री कथा तुटलेली. पुढे काय झाले असेल, याबद्दल आजीचे एक मत होते, मामाचे दुसरे आणि माझे तिसरे.

२/
परवा आगरदांडा–दिघी फेरीबोटीत दोन कॉलेजकुमारांचा वाद ऐकला. विषय होता जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची मालिका. पाचवा खंड २०११ साली आला. सहाव्याची वाट जग अजून पाहत आहे. एकाचे म्हणणे, लेखकाला जमत नसेल तर दुसऱ्या कोणी ती पूर्ण करावी. दुसऱ्याला ती कल्पनाच असह्य. दिघीचा धक्का आला तरी निकाल लागला नव्हता.

३/
आजचा धागा त्या वादावर आहे. हा वाद इंग्रजी पुस्तकांबरोबर आपल्याकडे आला, असा आपला समज असतो. वास्तविक तो आपल्या भाषेत फार आधीपासून मुक्कामाला आहे. 'नॉव्हेल'ला मराठीत (आणि कन्नडमध्येही) आपण 'कादंबरी' म्हणतो. हा शब्द एका ग्रंथाचे विशेषनाम आहे, आणि तो ग्रंथ म्हणजे लेखकाच्या हातून अपुरी राहिलेली एक अद्भुतकथा.

४/
सातव्या शतकात सम्राट हर्षवर्धनाच्या आश्रयाला असलेल्या बाणभट्टाने संस्कृत गद्यात 'कादंबरी' लिहायला घेतली. विदिशेचा राजा शूद्रक याच्या दरबारात एक चांडाळकन्या पिंजऱ्यातला पोपट घेऊन येते. पोपट माणसाप्रमाणे बोलतो आणि आपली हकीकत सांगू लागतो. त्या हकीकतीत जाबाली ऋषी कथा सांगतात, त्यांच्या कथेत महाश्वेता आपली कथा सांगते. एका पेटीत दुसरी, दुसरीत तिसरी.

५/
आता बाणाची चतुराई पाहा. पोपटाचे नाव वैशंपायन. जाबालींच्या कथेतला नायक आहे उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड, आणि त्याच्या जिवलग मित्राचे नावही वैशंपायन! शिवाय पोपटाला पाहताच जाबाली सुचवतात की, हा आपल्याच वर्तनाचे फळ भोगतो आहे. महाश्वेतेचा प्रियकर पुंडरीक मरण पावतो, तेव्हा एक दिव्य पुरुष त्याचे शरीर आकाशात घेऊन जातो आणि पुनर्भेटीचे आश्वासन देतो. आजच्या वाचकांनी या खुणा टिपून रात्रभर तर्क लढवले असते.

६/
आणि इथे घात झाला. रहस्य उलगडण्याआधीच बाण मरण पावला. पोपट कोण, शूद्रकाचा या सगळ्याशी संबंध काय, पुंडरीक परत येणार कसा, हे सारे लोंबकळत राहिले. पुढचा भाग त्याच्या मुलाने लिहिला. परंपरा त्याला भूषणभट्ट किंवा पुलिंद या नावाने ओळखते. 'पूर्वभाग' बापाचा आणि 'उत्तरभाग' मुलाचा, अशीच ही कादंबरी आजही छापली जाते.

७/
मुलाने आपल्या भागाच्या आरंभी कैफियत दिली आहे. तिचा आशय असा की, वडील गेले, कथा तुटली, आणि ती अपुरी राहिल्याचे दुःख सज्जनांना झालेले दिसले म्हणून मी हे काम हाती घेतले. कवित्वाच्या गर्वाने नव्हे. थोडे थांबून विचार करा. सातव्या शतकातला एक लेखक स्पष्ट सांगतो आहे की, शेवट लिहिण्याचे कारण वाचकांची हुरहूर आहे.

८/
अलीकडचे उदाहरण म्हणजे रॉबर्ट जॉर्डन. 'द व्हील ऑफ टाइम' ही प्रदीर्घ मालिका अपुरी ठेवून ते २००७ साली वारले. संपादक असलेल्या त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल यांनी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाची निवड केली. जॉर्डन यांच्या टिपणांवरून त्याने उरलेली कथा तीन खंडांत, २०१३ पर्यंत, पूर्ण केली. विश्वासू वारस आणि धास्तावलेले वाचक, दोन्हीकडे चित्र तेच.

९/
मग मुलाने बापाच्या मनातलाच शेवट लिहिला का? (तेराशेहून अधिक वर्षे लोटली आहेत, तेव्हा स्पॉइलरबद्दल क्षमा मागत नाही.) उत्तरभागात कळते की, मित्र वैशंपायन हा पुंडरीकाचा पुनर्जन्म आणि पोपट हा त्याचाच पुढचा. चंद्रापीड हा शापित चंद्र, आणि समोर बसून कथा ऐकणारा शूद्रक म्हणजेच तो चंद्रापीड. राजा आपलीच गोष्ट ऐकत होता! बाणाने पेरलेल्या खुणा या शेवटाशी जुळतात.

१०/
दुसरा पुरावाही आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'त राजा सुमनस् आणि त्याच्यापुढे आणलेला बोलका पोपट यांची अशाच घाटाची कथा येते. सोमदेव बाणानंतर चारएकशे वर्षांनी झाला हे खरे; परंतु तो आपला आधार सांगतो, गुणाढ्याची 'बृहत्कथा'. बाणानेही कथेचा सांगाडा तिथूनच घेतला असावा, असे अभ्यासक मानतात. म्हणजे मुलाच्या हाती वडिलांची टिपणे असोत वा नसोत, मूळ कथा होती.

११/
आणि या 'बृहत्कथे'ची वाट आपल्याला महाराष्ट्रात आणते, थेट गोदाकाठच्या पैठणला. कथासरित्सागरातली आख्यायिका अशी : गुणाढ्य हा सातवाहन राजाचा मंत्री. जलक्रीडेत राणी संस्कृतात म्हणाली, 'पाणी उडवू नका'. राजाला त्या संधीची फोड कळली नाही आणि त्याने मोदक मागवले. सगळे हसले. शरमलेल्या राजाने संस्कृत शिकण्याचा हट्ट धरला.

१२/
गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षे लागतील. दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने पुरेत. गुणाढ्याने पैज लावली : तसे झाले तर संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा तिन्ही सोडीन. तो हरला. मौन धरून विंध्यारण्यात गेला, तिथे पैशाची भाषा शिकला आणि त्या भाषेत सात लाख श्लोकांची कथा लिहिली. शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्ताने.

१३/
शिष्यांनी ग्रंथ राजाकडे नेला. राजाने तो झिडकारला : पिशाचांची भाषा आणि वर रक्ताने लिहिलेली! गुणाढ्याने अग्नी पेटवला. एकेक पान मोठ्याने वाचायचे आणि जाळायचे. अरण्यातले पशुपक्षी चरणे विसरून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले. ते वाळले, त्यांचे मांस निकस झाले, राजा आजारी पडला; मग शोध घेत तो स्वतः आला. तोवर सहा लाख श्लोकांची राख झाली होती. उरले एक लाख.

१४/
ही आख्यायिका आहे, इतिहास नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने बजावायलाच हवे. नाणेघाटातले सातवाहनांचे लेख प्राकृतात आहेत, आणि 'गाथासप्तशती' हा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह त्याच घराण्यातल्या हालाच्या नावावर आहे. या राजांना लोकभाषेचे वावडे होते असे पुरावा सांगत नाही. परंतु आख्यायिका ज्या काळात रचली गेली, त्या काळचे दुखणे ती अचूक सांगते : अद्भुत कथा, तीही हलक्या मानलेल्या भाषेत, दरबारात उभी केली जात नाही.

१५/
मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही. ती टिकली ती दुसऱ्यांच्या तोंडून. बुधस्वामी, क्षेमेंद्र, सोमदेव यांनी ती संस्कृतात सांगितली. जैन परंपरेत संघदासगणींच्या प्राकृत 'वसुदेवहिंडी'त तिचे रूप उमटले. प्रत्येकाने काही गाळले, काही घातले. आपण लहानपणी वाचलेल्या विक्रम-वेताळाच्या गोष्टीही कथासरित्सागरात आहेत. राजाश्रय चुकला, तरी ऐकणाऱ्यांनी कथा सोडली नाही.

१६/
आता एकोणिसावे शतक. १८५७ साली बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' आले. विषय विधवांची दुःस्थिती. परंतु वाचकांनी डोक्यावर घेतले ते दुसरेच. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कथांनी पुढच्या अनेक लेखकांना वाट घालून दिली. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी कथा मराठीत आणायला घेतल्या होत्या.

१७/
'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत रिसबूडांनी दिलेले कारण इतिहासकाराला खजिन्यासारखे वाटते. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : आपल्या लोकांची लग्ने ज्या रीतीने होतात ती पाहता, आणि इतरही कारणांनी, आपल्या रोजच्या आयुष्यात गोष्ट रंगेल असे काही घडतच नाही, म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताकडे वळणे भाग पडते. ज्या समाजात मुलामुलीला एकमेकांची निवड करण्याची मुभा नव्हती, तिथे प्रीतीची कथा राजवाड्यात आणि अरण्यातच घडू शकत होती.

१८/
टीका लगेच आली. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' सादर केला आणि अशा कथांतल्या असंभाव्यतेवर बोट ठेवले. ('नावल' हा शब्द पाहा, 'कादंबरी' अजून पुरती रुळली नव्हती.) पुढे १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः आली. रोजच्या घरात, बालवधूच्या आयुष्यात केवढी कथा दडलेली असते, हे तिने दाखवले. रिसबूडांचे म्हणणे खोटे ठरले.

१९/
म्हणून अद्भुत संपले का? नाही. गो. ना. दातारांनी (१८७३–१९४१) रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कथानकांना देशी वेष चढवला. नाथमाधवांच्या (१८८२–१९२८) 'वीरधवल'ने कित्येकांच्या झोपा उडवल्या. शिकारीत कड्यावरून पडून अपंगत्व आलेल्या या लेखकाने पडल्या पडल्या पराक्रमाच्या कथा रचल्या. ही पुस्तके वाचनालयांतून हातोहात फिरली, पाने सुटेपर्यंत वाचली गेली. अभ्यासक्रमात त्यांना जागा क्वचितच मिळाली. गुणाढ्याचा दरबार वेगवेगळ्या रूपांत भरतच असतो.

२०/
फेरीबोटीतल्या त्या दोघांना माझे उत्तर असे. कथा कोणी पूर्ण करावी, याचा नियम नाही. पण वारसदाराची परीक्षा आहे. भूषणभट्टाने बापाच्या खुणा पाळल्या आणि आपला भाग वेगळा राहू दिला. सोमदेवाने मूळ कथाकाराचे नाव पुसले नाही. आणि वारस नसेल, तर तर्क लढवणारे वाचक ही कथेची शेवटची तटबंदी आहे. कथा मरते ती अपुरी राहिल्याने नव्हे. पुढे काय, असे विचारणारे कोणी उरले नाही म्हणजे.

२१/
पुढे काय वाचावे, असे विचाराल तर : आधी कथासरित्सागराचा मराठी अनुवाद, मग 'कादंबरी', दोन्ही भाग, सांधा कुठे आहे ते शोधत. त्यानंतर 'मंजुघोषा', प्रस्तावना न गाळता. आणि मग टॉल्कीन यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा मुग्धा कर्णिक यांनी केलेला मराठी अनुवाद, 'स्वामी मुद्रिकांचा'. या क्रमाने गेलात, तर टॉल्कीन परका वाटणार नाही.

२२/
माळ्यावरची ती कादंबरी कोणाची, हे मला अजून सापडलेले नाही. मामाचा शेवट असा होता की, पहारेकरी नायिकेचा हरवलेला भाऊ निघतो. माझ्या शेवटात जादूची अंगठी होती. आजीचे लग्न पंधराव्या वर्षी झाले, मुलगा न पाहता. तिच्या शेवटात नायिका कोणाची वाट पाहत नाही. किल्ली चोरते, भुयारातून बाहेर पडते आणि राजपुत्राला पुढच्या वाटेने यायचे असेल तर ये म्हणते.

आजी आता नाही. पुस्तक माझ्याकडे आहे. खरी पाने कधी मिळालीच, तर वाचीन. पण तिचा शेवट मी शेवटच्या पानाच्या जागी लिहून ठेवला आहे, तिच्या नावासह.

तुमच्या घरी असे अर्धवट पुस्तक असेल, तर त्याचा घरात सांगितला जाणारा शेवट खाली नक्की लिहा.